घर कुणाच्या नावानं?

मैत्रिणींनो,

मी नागपूर सोडून खेड्यात राहायला जाणार, ही बातमी आपल्या गटाबाहेरही बरीच पोचलेली दिसते. गेल्या काही महिन्यांत जी मैत्रीण भेटली तिनं पहिला प्रश्न तोच विचारला, “मग, घेतलंस का घर?” नाही, घेतलं नाही. का घेतलं नाही ते सांगायला या वेळी संपादकीयाची जागा वापरते आहे. एकीच्या घरखरेदीची हकिगत संपादकीयात कशाला, असं काहींना वाटेल. मलाही वाटलं होतं. पण गटाच्या बैठकीत ती सांगितली तेव्हा चर्चा दोन तास चालली, आणि बसलेल्यांपैकी बहुतेकींनी आपल्या माहेरच्या किंवा सासरच्या घराचा कागद उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही असं निघालं. कायद्याच्या शिबिरांत भाषणं करणाऱ्या आम्ही! तेव्हाच ठरलं, की हे लिहायचं.

आधी माझं थोडं. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. लग्न मोडून तीस वर्षं होऊन गेली. मुलगी नोकरीच्या गावी असते. मी मानेवाड्याला दोन खोल्यांत भाड्यानं राहते. इतकी वर्षं शहरात काढली, पण स्वतःचं घर काही झालं नाही. पैसे होते तेव्हा मुलीचं शिक्षण होतं, शिक्षण आटोपलं तेव्हा भाव हाताबाहेर गेले होते. त्यात नागपूरचा उन्हाळा. रस्ते सिमेंटचे झाले, अंगणं गेली, झाडं गेली. मे महिन्यात रात्री दोन वाजताही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. घरमालकांचा मुलगा दर अकरा महिन्यांनी नवा करार घेऊन येतो आणि दर वेळी विचारतो, “मावशी, अजून किती वर्षं?”

माझं लहानपण काटोल तालुक्यात गेलं. कवेलूचं घर, पुढे छपरी, मागे सांदवाडी, सांदवाडीत विहीर आणि निंबाचं झाड. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा मनात आलं, शहरात या पैशांत एक खोलीसुद्धा येत नाही, पण गावात जुनं घर सहज येईल. चार वांग्याची झाडं लावीन, गावातल्या मुलींना शिकवीन, आठवड्यातून एकदा बसनं गटाच्या कामाला येईन. यात वाईट काय होतं?

नागपुरातून बाहेर पडणारा कुठलाही रस्ता धरा, वर्धा रोड, अमरावती रोड, उमरेड रोड. दोन्ही बाजूंनी प्लॉटच्या आणि फार्म हाऊसच्या पाट्या दिसतील. पाटीवर एक हसरं कुटुंब असतं, नवरा, बायको, दोन मुलं. एकटी बाई मी अजून एकाही पाटीवर पाहिलेली नाही. मी ज्या पहिल्या दलालाकडे गेले, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “साहेबांना घेऊन या एखाद्या रविवारी, मग बोलू.” साहेब नाहीत म्हटल्यावर म्हणाला, “मग मुलाला आणा.” मुलगा नाही, मुलगी आहे म्हटल्यावर त्यानं जावयाची चौकशी केली. पैसे माझे, पेन्शन माझी, पण बोलणी करायला एक पुरुष हवाच होता.

गटात मी हा बेत सांगितला तेव्हा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ ताईंना आनंद झाला. त्यांचं बालपण वर्ध्याचं. त्या म्हणाल्या, आपल्या भागाला खेड्याकडे जाण्याची परंपराच आहे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावला राहायला गेले, तेच आजचं सेवाग्राम. पण त्यांच्या आधी तिथं जाऊन राहिली ती मीराबहन. आज लोक ज्या मातीच्या घराला ‘बापू कुटी’ म्हणून नमस्कार करतात, ती कुटी मुळात मीराबहनची. बाईनं उभारलं आणि नाव दुसऱ्याचं लागलं, याची आठवण तेव्हा हसण्यावारी गेली. पुढे मला ती बोचली. ताईंनी पवनारचंही सांगितलं. विनोबांनी १९५९ साली धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. देशभरातून आलेल्या स्त्रिया तिथं एकत्र राहिल्या, शेतीत खपल्या, छापखाना चालवला, आणि सगळे निर्णय सर्वांच्या संमतीनं घेतले. बायकांनी घरदार सोडून खेड्यात एकत्र राहणं हे आपल्या शेजारीच घडलेलं आहे.

हे चाललं असताना आमची एक मैत्रीण गप्प होती. ती इंदोऱ्याची. तिची आजी खेड्यातून नागपूरला आली आणि एम्प्रेस मिलमध्ये लागली. ती शांतपणे म्हणाली, “तू गावात घर घेशील. मला विकतील का? आणि विकलंच तर गावाच्या कुठल्या बाजूला?” कुणालाच पटकन बोलता येईना. तिचं म्हणणं असं, की तुम्ही ज्याला शहराची दगदग म्हणता त्या शहरानं माझ्या आजीला पहिल्यांदा तिच्या नावानं हाक मारली, हातात पगार दिला, मुलींना शाळेत घातलं. बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवे गाणाऱ्यांना घटना समितीत काय सुनावलं होतं ते वाचा. आणि लांब कशाला जायचं, २००६ सालचं खैरलांजी आठवा. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले. स्वतःची जमीन कसणारं कुटुंब होतं ते. जमिनीचा वाद त्या हत्याकांडाच्या मुळाशी होता.

हे ऐकून मी बेत सोडला नाही, पण ‘गाव’ हा शब्द त्यानंतर पहिल्यासारखा सहज तोंडात येईना. माझ्या आठवणीतल्या सांदवाडीत तिच्या आजीला पाय ठेवता आला नसता, हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

मी घर पाहायला लागले. प्रथम वाटलं, अर्धा एकर शेत घ्यावं आणि त्यात दोन खोल्या बांधाव्या. तेव्हा कळलं की शेतजमीन कुणालाही घेता येत नाही. विदर्भासाठी १९५८ साली जो कुळकायदा झाला, त्यानुसार जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकायला मनाई आहे. कायद्याचा हेतू चांगला, जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी. पण शेतकरी कोण, हे ठरतं सातबाऱ्यावरून. त्या कार्यालयात मला विचारलं, “तुमच्या नावानं सातबारा आहे का? वडिलांची शेती असेल तर वारस म्हणून नाव असेल, बघा.”

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. वडिलांची नऊ एकर होती, पाच एकर त्यातला संत्र्याचा बगीचा. वडील १९९१ साली गेले. पुढच्या वर्षी भाऊबीजेला गेले असताना भावानं एक कागद पुढे ठेवला. हक्कसोडपत्र. “सही कर, नुसती औपचारिकता आहे,” म्हणाला. माझं लग्न तेव्हा मोडायच्या बेतात होतं. भावाचं दार बंद झालं तर जायचं कुठं, हीच भीती मनात होती. मी न वाचता सही केली. आई शेजारी बसून मान डोलवत होती, तिनंही केली. त्याच महिन्यात नागपुरात आम्ही स्त्रिया आणि संपत्तीचा हक्क या विषयावर शिबिर घेतलं होतं, आणि त्यात दुपारचं सत्र माझं होतं. भावाशी माझं वैर नाही. तो आजही राखीला साडी देतो. पण नऊ एकरांतला हिस्सा आणि साडी यांचा हिशेब मी तीस वर्षं मांडलाच नव्हता. तो मांडला त्या कार्यालयातल्या कारकुनानं, एका वाक्यात. “मग बाई, तुम्ही शेतकरी नाही.”

शेतकऱ्याची मुलगी, वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत निंदण, वेचणी केलेली, आणि मी शेतकरी नाही. मला वाईट वाटलं, पण मग लक्षात आलं की आपल्याकडे वावरात राबणाऱ्या बहुसंख्य बायकांची गत हीच आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्केच भरल्या. निंदण, वेचणी, पेरणी, राखण यांत मात्र बायकांचे हात किती असतात ते कुठल्याही वावराच्या धुऱ्यावर उभं राहून मोजता येतं.

या हक्कांसाठी झगडा काही आज सुरू झालेला नाही, आणि त्याचा बराच भाग आपल्या नागपुराशी जोडलेला आहे. १९४२ च्या जुलैत इथं दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, असे ठराव त्या बायकांनी केले. पुढे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं, ते रखडवलं गेलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. १९५६ साली वारसा कायदा आला तेव्हा मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळाला, पण त्यात एक पाचर होती. कलम २३. घरात कुटुंब राहत असेल तर मुलीनं त्या घराची वाटणी मागायची नाही, घरातल्या पुरुषांनी वाटणी करायचं ठरवेपर्यंत थांबायचं. तिला राहायचा हक्क, तोही ती कुमारिका, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी असेल तरच. सुखानं नांदणाऱ्या मुलीला माहेरच्या घरात तो हक्कही नव्हता.

महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ साली केंद्रानं कायदा बदलला तेव्हा ही लग्नाची अट गेली आणि कलम २३ ही गेलं. २००५ पूर्वी वडील वारले असतील तर काय, यावर कोर्टांत पंधरा वर्षं घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं, की हा हक्क जन्मानं मिळतो, वडील कधी वारले यावर तो अवलंबून नाही. कायदा इतका पुढे आला. भाऊबीजेचा कागद मात्र अजून घरोघरी पुढे येतो आणि आम्ही तो अजून न वाचता सही करतो.

शेत मिळणार नाही म्हटल्यावर मी गावठाणातलं घर शोधू लागले. कळमेश्वरच्या पलीकडे एका गावात एक घर मनात भरलं. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. कवेलूचं घर, जाड मातीच्या भिंती, मागे सांदवाडी, विहिरीला पाणी. घर दोघा भावांचं. थोरले शेती करतात, धाकटे बुटीबोरीला कारखान्यात आहेत, कुटुंबासह तिकडेच राहतात. थोरल्यांनी रस्त्याला लागून पक्कं घर बांधलं, म्हणून जुनं विकायचं. भाव माझ्या आवाक्यातला. मी इसाराचे पन्नास हजार देऊन टाकले.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मागच्या खोलीतून धूर येताना दिसला. चुलीपाशी पन्नाशीची एक बाई भाकरी करत होती. थोरल्या भावाला विचारलं तर म्हणाले, “आमची मधली वहिनी. भाऊ वारला. ती जाईल तिच्या भावाकडे, त्याची काही काळजी करू नका म्याडम. तुम्हाला घर खाली करून भेटेल.”

ते चहा सांगायला गेले तशी मी चुलीपाशी बसले. तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, “तुमीच घेऊन राह्यल्या का घर?”

मी हो म्हटलं. तुम्ही कुठं जाणार, विचारलं.

“भाऊ म्हनते ये म्हून. भावजय काई बोलत नाई.” मग थोड्या वेळानं, “बावीस वर्सं झाली मले एकटीले ह्या खोलीत.”

“घर विकायचं ठरलं तेव्हा तुम्हाला विचारलं का?”

“मले काहून इचारतीन? घर त्याइचं हाये.”

“तुमच्या मालकांचाही हिस्सा असेल ना यात?”

“तो गेला त हिस्साबी गेला.”

असं म्हणून ती उठली, फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. आत घराच्या कराच्या पावत्या होत्या. दर सालच्या, दोऱ्यानं बांधलेल्या. “टॅक्स मीच भरतो,” ती म्हणाली. “मजुरीतून भरतो. ते म्हनले, तू राह्यतं त तू भर.” बावीस वर्षं तिनं कर भरला होता आणि प्रत्येक पावतीवर नाव होतं तिच्या सासऱ्याचं, जे तिच्या नवऱ्याच्याही आधी वारले होते.

खरं सांगते, त्या रात्री मी गप्प बसायचं ठरवलं होतं. ती तशीही भावाकडे जाणारच आहे, मी नाही घेतलं तर दुसरा कुणी घेईल, मी निदान तिला येऊ-जाऊ देईन, अशी सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन झाले. साठी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःचं घर दिसत होतं. ते सोडायचं जिवावर आलं होतं. बैठकीत मी घराचं वर्णन केलं, सांदवाडीचं केलं, आणि त्या बाईबद्दल एकच वाक्य बोलले. इंदोऱ्याच्या मैत्रिणीनं तेच वाक्य पकडलं. “तुला कुणी विचारलं नाही म्हणून तुला राग आला होता ना, सातबाऱ्याच्या वेळी? मग तिला कोण विचारणार?”

मग आम्ही तिघी कागद घेऊन बसलो. ग्रामपंचायतीत घराची नोंद असते ती नमुना आठला. ती करआकारणीची नोंद. ती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, पण गावात तिलाच मालकी समजतात. त्या नोंदीत अजूनही वारलेल्या सासऱ्याचं नाव होतं. म्हणजे घर तिन्ही मुलांचं आणि लग्न होऊन गेलेल्या दोन मुलींचंही. मधल्याचा हिस्सा तो वारल्यावर त्याच्या विधवेकडे येतो. तो गेला तरी हिस्सा जात नाही, कायद्यानं तिच्या नावानं होतो, आणि तिला मिळालेली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची असते. तिनं दुसरं लग्न केलं म्हणूनही ती काढून घेता येत नाही, ती जुनी अट २००५ साली कायद्यातून गेली. शिवाय कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे. त्यात सामायिक घरात राहण्याचा बाईचा हक्क मानलेला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. थोडक्यात, तिच्या आणि दोन नणदांच्या सहीशिवाय ते घर मला पुरतं विकताच येत नव्हतं. मला ‘साफ घर’ म्हणून विकलं जात होतं ते तीन बायकांना पुसून साफ केलेलं.

ही एका गावची गोष्ट आहे असं समजू नका. महिला किसान अधिकार मंच म्हणजे ‘मकाम’नं २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अकरा जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता, आणि राहत्या घरावर हक्क मिळाला होता तो जेमतेम ३५ टक्के स्त्रियांना. नवरा कर्जापायी गेला. कर्ज फेडायला बाई, घर मात्र दिराचं!

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचं प्रचंड अधिवेशन झालं. त्यानंतर शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि अनेक गावांत नवऱ्यांनी बायकांच्या नावानं जमीन करून दिली. पुढे १९९२ मध्ये सरकारनं नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. २००३ मध्ये ‘घर दोघांचं’ मोहीम आली, ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवराबायको दोघांच्या नावानं लागावं म्हणून. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या एकटीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही अशी अट तिला होती, तीही २०२३ मध्ये काढली. सवलतीपुरतं बायकोचं नाव लावायचं आणि पुढे सोयीनं फिरवायचं, हे आपल्याकडे किती सहज होतं ते सांगायला नको. आणि या सगळ्या सोयी नवरा राजी असला तरच कामाला येतात. विधवेचं, टाकलेलीचं, एकटीचं काय?

मी भावांकडे गेले आणि सांगितलं, मी घर घेते, पण वहिनींचं नाव आधी लागू द्या. त्यांच्या हिश्शाचे पैसे त्यांच्या खात्यात जाऊ द्या, नाहीतर त्यांची खोली आणि मागचं दार त्यांच्याच नावानं राहू द्या, मी उरलेलं घर घेईन. बहिणींच्या सह्याही लागतील. थोरले ऐकून घेत होते, मग एकदम उभे राहिले. “म्याडम, तुम्ही घर घ्यायला आल्या का घर फोडायला?” त्यांची बायको दारात उभी होती. तीही माझ्याकडे रागानं बघत होती. तिचं नावही त्या पक्क्या घरावर नाही, हे मला नंतर कळलं.

व्यवहार मोडला. इसार अजून परत मिळालेला नाही. त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. पुढच्या खेपेला ती बाईच मला म्हणाली, “तुमी आल्या अन् भांडन लागलं. पयले निदान चहा त पाजत होते.” विहिरीवर तिच्याशी कुणी बोलेनासं झालं होतं. आम्ही शहरातून जायचं, हक्काचं सांगायचं आणि संध्याकाळच्या बसनं परत यायचं. रात्र तिला तिथं काढायची असते. हे आपल्या चळवळीत आपण किती वेळा केलं आहे, याचा विचार मी त्या दिवशी बसमध्ये करत होते. म्हणून मग पुढचं काही तिला विचारल्याशिवाय करायचं नाही असं ठरवलं. गावातल्या बचत गटाच्या चौघी तिच्याबरोबर उभ्या राहायला तयार झाल्या, तेव्हाच तिनं अर्जावर अंगठा दिला. माझी विक्रीला हरकत आहे, माझी वारस म्हणून नोंद करा, सोबत कराच्या पावत्या. अर्ज घ्यायला आधी टाळाटाळ झाली. चौघी ओट्यावर बसून राहिल्या तेव्हा पोच मिळाली. नोंद अजून झालेली नाही. घर विकलंही गेलेलं नाही. ती त्याच खोलीत आहे. पोचेचा कागद आता पावत्यांच्या डब्यात आहे, तिच्या स्वतःच्या नावाचा त्या डब्यातला पहिला कागद.

हे सगळं आत्ताच सांगायची घाई का, तर गावोगावी घरांचे कागद सध्या नव्यानं तयार होत आहेत. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोननं गावठाणाची मोजणी करून ज्यांच्याकडे आजवर घराचा पक्का कागद नव्हता त्यांना मिळकत पत्रिका मिळायची आहे. पत्रिका एकदा झाली की त्यावर कर्ज मिळेल, विक्री होईल, मोबदला ठरेल. समृद्धी महामार्गाच्या वेळी आपण पाहिलं, पैसे आले ते ज्याचं नाव कागदावर त्याच्या खात्यात. नमुना आठवरची जुनी पुरुषांची नावं तशीच नव्या पत्रिकेवर उतरली, तर ती पुसायला आणखी दोन पिढ्या जातील.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्याकडे काही मागणं आहे. गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीतून आपल्या घराचा नमुना आठ काढून वाचा, मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकाही. आई हयात असेल तर तिचं नाव आहे का पाहा. कुणी वारलं असेल तर वारस नोंदीत बहिणींची, विधवा वहिनींची नावं आली का ते विचारा. तुमच्यापुढे हक्कसोडपत्र आलं तर लगेच सही करू नका. घरी न्या, वाचा, कुणाला तरी दाखवा. वाचून, समजून सोडायचा असेल तर जरूर सोडा, तो तुमचा निर्णय. आणि तुमच्यापैकी ज्या शहराला कंटाळून गावात घर घ्यायला निघाल्या असतील, त्यांनी घर बघताना पुढच्या छपरीत बसून परत येऊ नका. मागच्या खोलीपर्यंत जा. तिथं चूल पेटलेली असेल तर चुलीपाशी बसा आणि विचारा.

मी अजून मानेवाड्यालाच आहे. गावात राहायला जायचं माझ्या मनातून गेलेलं नाही. परवा तिनं निरोप पाठवला, नोंद झाली तर तिची खोली सोडून तिच्या वाट्याचं बाकीचं ती मला भाड्यानं द्यायला तयार आहे. भाडं किती घेणार विचारलं तर म्हणाली, “आधी माह्यं नाव लागू द्या, मंग सांगतो.”

पुढचा अंक आपण ‘घराचा कागद’ याच विषयावर काढतो आहोत. तुमच्या घराच्या कागदावर कुणाचं नाव आहे, ते कसं लागलं किंवा का लागलं नाही, चार ओळींत लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर कुणाकडून लिहवून घ्या. सही किंवा अंगठा मात्र तुमचा हवा.

सस्नेह,

संपादक मंडळासाठी, तुमचीच